गोदाम, कर्ज आणि परिशिष्ट ‘क’

मुंबईतल्या एका गुंतवणूक फंडाकडून आलेल्या अर्जात पहिलाच प्रश्न होता : ‘हा पैसा मिळाला नाही, तर काय होईल?’ खाली चार ओळींची जागा. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस म्हणजे ग्रामपंचायतीने दिलेली एक जुनी खोली. तिथे बसून त्या चार ओळी मी तीन दिवस लिहीत आणि खोडत होते. ‘गोदाम होणार नाही’ हे पहिलं उत्तर. ते खरं होतं, पण मुंबईत बसून वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? शेवटी लिहिलं, ‘पुढच्या ऑक्टोबरातही सोयाबीन खळ्यावरूनच जाईल.’

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोयाबीन सोंगून झालं, मळणी यंत्रातून निघालं, की दारात माणसं उभी असतात. मळणीवाल्याचे पैसे, सोंगणीची मजुरी, कृषी केंद्राची उधारी, आणि वर दिवाळी. घरात कट्टे ठेवायला जागा नाही. ठेवले तर उंदीर, आणि परतीच्या पावसाची धास्ती. अशा वेळी खेडा खरेदीवाला गाडी घेऊन येतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, एक दाताखाली फोडतो आणि म्हणतो, ‘ओल हाय अजून.’ त्या तीन शब्दांवर क्विंटलमागे दोन किलोंचा कडता, म्हणजे वजनातली कपात, जातो. काटाही त्याचाच असतो, त्यामुळे वजनाबद्दल कुणी बोलत नाही.

मी या कंपनीची संचालक. त्याआधी बारा वर्षं बचत गटांचे हिशेब लिहिले. कंपनीत ४१२ सभासद आहेत, त्यांत १३७ बाया. बियाणं आणि खत विकून चार-पाच वर्षांत आम्ही १४ लाख रुपये राखीव जमवले होते, आणि त्या पैशाकडे बघताना प्रत्येक सभेत एकच विषय निघायचा : गोदाम. हजार टनांचं, म्हणजे पन्नास किलोचे वीस हजार कट्टे मावतील असं.

आधी सरळ वाटेने गेलो. केंद्र सरकारचा कृषी पायाभूत सुविधा निधी २०२० मध्ये सुरू झाला. दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं ३ टक्के व्याज सवलत आणि वर पतहमी, म्हणजे तारणाविना कर्ज मिळावं अशी सोय. योजना चांगली आहे, आजही मी दुसऱ्या कंपन्यांना आधी तीच वाट सांगते. पण एका बँकेत आमची फाईल आठ महिने फिरली आणि शेवटी साहेब म्हणाले, पतहमी असेल हो, पण संचालकांपैकी कुणाची तरी शहरातली मालमत्ता तारण द्या. आमच्या दहा संचालकांत शहरात मालमत्ता असलेला एकही नव्हता. राज्य सरकारच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पातल्या अनुदानासाठी अर्ज केला होता, तिथे निवड झाली नाही. मग आम्हाला प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेतल्या ताईंनी फंडाचं नाव सांगितलं.

फंड म्हणजे नेमकं काय, हे मला पहिल्या महिन्यात नीट कळलं नव्हतं. पुढे फंडाच्या माणसांनीच आमच्या ऑफिसात बसून समजावलं. सेबीने २०१२ साली पर्यायी गुंतवणूक निधींचे नियम केले. त्यातल्या पहिल्या वर्गात पायाभूत सुविधांचे निधी येतात आणि सामाजिक उद्देशाचे निधीही येतात. गुंतवणूकदार पैसे देतात ते दानधर्म म्हणून नाही. त्यांना मुद्दल आणि परतावा दोन्ही हवं असतं, पण त्यासोबत या पैशाने लोकांचं काय भलं झालं याचा मोजून दिलेला हिशेबही हवा असतो. महामार्ग आणि वीजवाहिन्यांसाठी इन्व्हिट नावाचे न्यास असतात, त्यांचे नियम २०१४ चे. त्यांना वाटपायोग्य रकमेतला किमान ९० टक्के हिस्सा गुंतवणूकदारांना वाटावा लागतो. तिथे टोल येतो, वीज वाहून नेण्याचं भाडं येतं, सगळं ठरलेलं. ‘तुमच्या गोदामाचा टोल कोणता?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी लगेच म्हटलं, ‘कट्ट्याला महिन्याचे पाच रुपये.’ ते पुरत नाहीत, हे मला त्यांच्याकडूनच कळायचं होतं.

आमसभेत मात्र वेगळेच प्रश्न आले. फंडाच्या गटातली वित्त कंपनी १२ टक्क्यांनी कर्ज देणार होती. आमचे एक काकाजी उठले. वय पंचाहत्तरच्या पुढचं, बोलायला लागले की सभा गप्प होते.

‘ताई, सरकारी योजनेत नऊ टक्क्याच्या आत पैसा भेटते म्हणता. अन् हे समाजाच्या भल्याचं नाव घेऊन बारा टक्के मांगतात. थे काऊन?’

प्रश्न रास्त होता आणि मला तो टाळायचा नव्हता. मी सांगितलं, नऊ टक्क्यांचा पैसा कागदावर आहे, आपल्या हातात आलेला नाही. हे लोक कुणाचं घर-शेत न मागता पैसे देतायत. बुडाले तर त्यांचे बुडतील, त्याची किंमत त्या तीन टक्क्यांत आहे. शिवाय शंभर कोटींच्या कर्जाची छाननी करायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच आपल्या एवढ्याशा कर्जाला लागतो. काकाजींनी मान हलवली, पण ते खाली बसले नाहीत.

‘ठीक. पण आपली कंपनी मुंबईवाल्याच्या घशात तं नाही जाईन? शकुंतलेसारखं नको व्हायले.’

शकुंतला म्हणजे आमची छोटी गाडी. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जायची ती, ११३ किलोमीटरची नॅरोगेज. काकाजींच्या वडिलांनी दारव्हा मोतीबाग स्टेशनवर कापसाच्या गाठी चढवल्या होत्या. ती गाडी एका ब्रिटिश कंपनीने, इथल्या कापसासाठी, भागधारकांच्या पैशावर बांधली. स्वातंत्र्य आलं, रेल्वे सरकारची झाली, तरी हा मार्ग त्या कंपनीकडेच राहिला आणि तो वापरण्यासाठी आपली रेल्वे तिला पैसे देत राहिली. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. मी लहानपणी त्याच्या मागच्या डब्यात बसलेय. गाडी आम्हाला प्रिय होती, आजही आहे. पण तिच्या कागदपत्रांत कापूस पिकवणाऱ्याचं काय झालं याचा रकाना कुठे होता? परतावा लिहायला वही होती, आमच्यासाठी नव्हती. काकाजी ज्याला घाबरत होते ते हेच, आणि त्यांच्या त्या एका वाक्यामुळे पुढचे सहा महिने मी काय मागायचं ते ठरलं.

घशात जाण्याच्या भीतीवर उत्तर कायद्यात होतं. उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यात २००३ मध्ये आली, २०२० च्या दुरुस्तीने २०१३ च्या कायद्यात तिचं स्वतंत्र प्रकरण आलं. अशा कंपनीचा शेअर उत्पादकालाच घेता येतो. बाहेरच्याला, मग तो कितीही मोठा फंड असो, भागीदार होता येत नाही. आणि सभासदाकडे दहा शेअर असोत की हजार, मत एकच. म्हणून फंडाला आमच्यात भांडवल घालायचं नव्हतंच, घालता येतच नव्हतं. त्याच्या गटातली वित्त कंपनी कर्ज देणार होती. हे मी सभेत वाचून दाखवलं. ठराव मंजूर झाला. नवीन शेअरसाठी सभासदांनी १६ लाख जमा केले, त्यात बायांचे पैसे आधी आले.

फंडाची दोन माणसं छाननीसाठी आली ती तीन दिवसांसाठी. एक मॅडम, एक सर, दोघंही माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठे असतील. तीन वर्षांचे ताळेबंद, लेखापरीक्षण, संचालकांचे सिबिल, सभांचे इतिवृत्त, सगळं पाहिलं. मग मॅडमनी लॅपटॉपवर आमच्या गोदामाचा हिशेब मांडला. वीस हजार कट्टे, महिन्याला पाच रुपये, गोदाम भरलेलं राहणार सहा महिने : सहा लाख रुपये. आणि वर्षाचा हप्ता व्याजासकट सुरुवातीला वीस लाखांच्या वर. त्या म्हणाल्या, शंभर रुपयांचा हप्ता असेल तर तुमच्या हातात सव्वाशे यायला हवेत, तरच आम्ही पैसे देऊ शकतो.

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. नुसतं गोदाम भाड्यावर जगत नाही, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आमचा प्रकल्प अहवाल एका सल्लागाराने करून दिला होता, त्यात गोदाम बारा महिने शंभर टक्के भरलेलं धरलं होतं. सोयाबीन आणि तुरीच्या मुलखात पावसाळ्याचे तीन महिने गोदामात काय असणार? मॅडमनी ते पान बाजूला ठेवलं आणि विचारलं, ‘माल स्वच्छ करून एकत्र विकला तर?’ तिथून स्वच्छता-प्रतवारीचं यंत्र आणि मोठा वजनकाटा प्रकल्पात आला. चाळणीचे क्विंटलला चाळीस रुपये, काट्याचं उत्पन्न, आणि माल कंपनीने स्वतः प्रक्रियादारांना विकला तर क्विंटलमागे शंभर-सव्वाशे. हिशेब बसला. सगळा खर्च एक कोटी १८ लाख, त्यात आमचे ३० आणि कर्ज ८८. त्या मुलीचे उपकार मी मानते. कर्ज नाकारून ती दुसऱ्या दिवशीच परत गेली असती तरी तिला कुणी बोललं नसतं.

हप्त्यांचाही असाच विषय झाला. त्यांच्या नेहमीच्या पद्धतीत तिमाहीला सारखा हप्ता. आमच्याकडे जुलै ते सप्टेंबर हातात काहीच नसतं; त्या दिवसांत शेतकरीच आमच्याकडे उधारीवर खत मागतो. मग डिसेंबर, मार्च आणि जूनचे हप्ते मोठे, सप्टेंबरमध्ये फक्त व्याज, असं ठरलं. पहिलं वर्ष बांधकामाचं, त्यात मुद्दल नाही. मुदत सात वर्षं, कारण फंडालाही आयुष्य असतं. त्याची मुदत संपली की गुंतवणूकदारांचे पैसे परत करावे लागतात.

एका गोष्टीवरून मात्र मला राग आला आणि तो मी लपवला नाही. कराराच्या मसुद्यात संचालकांची वैयक्तिक हमी होती. ती नको म्हणून आम्ही बोलत होतोच, पण पुढे एक ओळ होती : महिला संचालकांच्या बाबतीत पतीचीही सही. आम्ही चौघी संचालक. त्यांतल्या एकीचा नवरा वारलेला. तिने विचारलं, ‘मंग माही सही चालत नाही का?’ मी फोन करून सांगितलं, अर्जात तुम्ही विचारलं होतं की निर्णयात बायांचा वाटा किती; आम्ही दहात चार लिहिलं, आणि तुम्हाला ते आवडलं. आता त्याच चौघींच्या सहीला तुमच्याच करारात किंमत नाही. दोन आठवड्यांनी ती ओळ निघाली, आणि वैयक्तिक हमीच्या जागी गोदाम, यंत्र आणि जागेच्या भाडेपट्ट्याचे हक्क तारण आले.

जागेबद्दल थोडक्यात सांगते, कारण दुसऱ्या कंपन्या इथेच अडकतात. एका सभासदाने आधी जी जमीन देऊ केली ती भोगवटादार वर्ग-२ ची निघाली. परवानगीशिवाय तिच्यावर बोजा चढवता येत नाही. चार महिने तिथे गेले. सातबारा हातात घेतला की आधी वर्ग बघा. मग दुसऱ्या सभासदाची रस्त्यालगतची एक एकर तीस वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने घेतली आणि अकृषक परवानगी काढली.

आता परिशिष्ट ‘क’.

करारात व्याजाचं एक कलम होतं : ठरलेली सामाजिक उद्दिष्टं पूर्ण झाली, तर तिसऱ्या वर्षापासून व्याज एक टक्क्याने कमी. उद्दिष्टं परिशिष्ट ‘क’ मध्ये. ते उघडलं तर एकच ओळ : ‘सभासदांच्या कृषी उत्पन्नात तीन वर्षांत २० टक्के वाढ.’ आमच्या सीईओला, म्हणजे कंपनीचं कामकाज पाहणाऱ्या मुलाला, ते छान वाटलं. म्हणाला, ‘ताई, आपल्यालेही हेच पाह्यजे ना?’

हवं तर होतंच. पण सोयाबीनने २०२१ च्या ऑगस्टमध्ये दहा हजारांचा भाव पाहिला आणि नवीन माल बाजारात येईपर्यंत तो निम्म्यावर आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेलाच्या आयातीवरचं शुल्क दिल्लीत ठरतं, पेंडीची मागणी जगात ठरते, पाऊस वरती ठरतो. यातलं काय आमच्या गोदामाच्या हातात होतं? उत्पन्न वाढलं तर ते गोदामामुळे वाढलं असं आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार, आणि पडलं तर गोदाम निकामी ठरणार का? मी कळवलं, ही ओळ असेल तर एक टक्क्याची सवलत नको, पण खोटा वायदा लिहून द्यायचा नाही.

महिनाभर फोन चालले. त्यांचीही अडचण मला समजत होती. त्यांच्या गुंतवणूकदारांना उत्पन्न हा शब्द कळतो; जगभरात अशा गुंतवणुकीची मोजमापं ठरलेली आहेत, त्यांत आकडा बसवावा लागतो. सरांनी एकदा थोडं त्रासूनच विचारलं, ‘मग तुम्हीच सांगा, गोदामाने नक्की काय बदलतं?’

त्या रात्री मी वही घेऊन बसले. गोदाम भाव वाढवत नाही. विकायचा दिवस कोणता, हे ठरवायचा हक्क ते शेतकऱ्याच्या हातात ठेवतं. हे मोजता येतं का? येतं. मळणीच्या तारखेपासून किती दिवसांनी माल विकला, याची नोंद ठेवता येते. किती जणांनी गोदामाच्या पावतीवर बँकेचं कर्ज उचललं, मोजता येतं. वजन आणि ओलावा शेतकऱ्यासमोर यंत्रावर मोजला आणि आकडा छापून त्याच्या हातात दिला, असे किती कट्टे, मोजता येतं. आणि किती पावत्या बाईच्या स्वतःच्या नावाने निघाल्या, हेही. शेवटी परिशिष्टात या चार गोष्टी आल्या. पहिली सर्वांत महत्त्वाची : कंपनीत आलेल्या मालापैकी किमान निम्मा माल मळणीनंतर साठ दिवसांच्या आत विकावा लागलेला नसावा. उत्पन्नाची ओळ राहिली, पण फक्त नोंदीसाठी. व्याजाशी तिचा संबंध तोडला.

करारावर सह्या झाल्या तेव्हा मुद्रांकाच्या त्या जाड गठ्ठ्यात मी फक्त ते एक पान पुन्हा वाचलं.

बांधकामाबद्दल लोक विचारतात, म्हणून एवढं सांगते की आमची माती काळी आहे, आणि काळी माती गोदामाची वैरीण आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ फरशी टाकली तर दोन वर्षांत उलते. इंजिनिअरने अडीच फूट माती काढायला लावली, मुरूम भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवला. तीन लाख जास्त गेले. जोता ट्रकच्या पाट्याच्या उंचीला आणला, म्हणजे हमालाला कट्टा खाली उतरवून पुन्हा उचलावा लागत नाही. पण बाहेरच्या उतारावर आम्ही बचत केली, तिथे मुरूम कमी पडला. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर अवकाळी पाऊस झाला आणि भरलेला ट्रक मागच्या चाकांनी तिथेच रुतला. ट्रॅक्टर लावून काढला. तो उतार नंतर नव्याने केला.

वखार प्राधिकरणाची नोंदणी यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. २००७ च्या कायद्याने हे प्राधिकरण नेमलंय. त्याची नोंदणी असली की गोदामाची पावती इलेक्ट्रॉनिक निघते आणि बँक तिच्यावर कर्ज देते. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या लहान शेतकऱ्याला अशा पावतीवर सहा महिन्यांपर्यंत पीककर्जाच्या सवलतीचा दर मिळतो, हे कितीतरी जणांना माहीतच नाही.

पहिल्या आठवड्यात ती आली, जिने सहीचा प्रश्न विचारला होता ती. बैलगाडीत तुरीचे बावीस कट्टे. मी काट्याजवळ उभी होते. गोदामातल्या मुलाने एका कट्ट्यात नळी खुपसून नमुना काढला, दाणे यंत्राच्या डबीत भरले, झाकण दाबलं. तिची नजर त्या छोट्या काचेवरून हटत नव्हती. आकडा थोडा वर-खाली झाला आणि थांबला : १०.८. मुलाने सांगितलं, बारापर्यंत चालते, तुमची कोरडी आहे. ती काही बोलली नाही. मुठीत तूर घेतली, दातांनी एक दाणा फोडला, अगदी खेडा खरेदीवाला फोडतो तसा, आणि टक् असा आवाज आला. मग म्हणाली, ‘दरसाली अशीच राह्यते माही तूर. दरसाली थो ओल म्हणे.’

कट्टा काट्यावर गेला तेव्हा ती पुढे होऊन आकडा स्वतः वाचायला लागली. बावीसही कट्टे. प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने म्हणायची आणि मुलगा तो लिहायचा. हमाल थांबून राहिले, कुणी घाई केली नाही. पावती निघाली ती तिच्या नावाची. नवऱ्याच्या मागे सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव चढायलाच तिला तीन वर्षं लागली होती. बँकेने बाजारभावाच्या सत्तर टक्के दिले, त्यातून तिने मुलाची फी आणि मजुरी भागवली. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, तिने तूर विकली. त्या उन्हाळ्यात तुरीने दहा हजारांचा आकडा ओलांडला होता.

इथेच थांबले असते तर हे लिहिणं सोपं झालं असतं. पण पुढचा हंगाम आला. २०२४ चं सोयाबीन. हमीभाव ४,८९२ आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. हमीभावाच्या केंद्रावर बारा टक्क्यांच्या वर ओलावा असला की माल परत. नोव्हेंबरात केंद्र सरकारने तो पंधरापर्यंत चालेल असं केलं, तोवर बऱ्याच जणांनी विकून टाकलं होतं. आमच्या सभासदांनी तुरीचा अनुभव ताजा असल्याने माल गोदामात आणला. गोदाम छतापर्यंत भरलं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, मार्च गेला. भाव तिथल्या तिथेच. तुरीचंही त्या वर्षी बिनसलं, हमीभाव ७,५५० असून बाजार त्याच्या खाली. पावत्यांवरच्या कर्जाचं व्याज चढत होतं, कट्ट्याचं भाडं चढत होतं.

एप्रिलच्या सभेत लोक माझ्यावर रागावले. ‘ठिवा म्हणलं, ठिवलं. आता काय करता?’ मी ठेवा असं कधी कुणाला म्हटलं नव्हतं. तरी गोदामासाठी सगळ्यात जास्त बोलले ती मीच, तेव्हा ऐकून घेणं माझं काम होतं. ज्यांनी सहा महिने माल ठेवला त्यांना क्विंटलमागे भाडं आणि व्याज मिळून दीडशेच्या वर खर्च आला, आणि भाव काही वाढला नाही. हे नुकसान आहे. सभेत मी तो आकडा फळ्यावर लिहिला. तिथेच ठरलं की दर पंधरवड्याला प्रत्येक पावतीधारकाला मेसेज जाईल : आजचा भाव किती, आजपर्यंतचा तुमचा खर्च किती, म्हणजे भाव कुठवर गेला तर ठेवणं परवडेल. हे आम्ही पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. शेतकऱ्याला दिवस निवडायचा हक्क दिला, पण निवडायला लागणारा आकडा दिला नव्हता.

मे महिन्यात फंडाच्या मॅडम आढाव्याला आल्या. उत्पन्नाच्या रकान्यात घट होती, मी ती जशीच्या तशी भरली होती. परिशिष्ट ‘क’ च्या चारही गोष्टी मात्र पूर्ण होत्या. थप्प्यांमधून चालताना त्या म्हणाल्या, ‘ताई, जुना मसुदा असता तर आज मला तुमचं व्याज तसंच ठेवावं लागलं असतं.’ महिन्याभरात पत्र आलं, १२ चे ११ झाले. त्या वर्षाला त्यातून साधारण सत्तर हजार वाचतील. संचालक मंडळाने ठराव केला की हे पैसे नफ्यात घ्यायचे नाहीत; ज्यांचा माल सहा महिन्यांच्या वर राहिला त्यांचं पुढचं भाडं माफ करायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती परत आली. तिचे सोयाबीनचे अठरा कट्टे नोव्हेंबरपासून होते. दहा विकले, पडत्या भावातच, खतासाठी. राहिलेल्या आठांतून ओंजळभर दाणे मागून घेतले आणि ऑफिसच्या पायरीवर बसून शंभर मोजले. ओलं पोतं अंथरलं, दहा-दहाच्या ओळींत मांडले, वर दुसरं ओलं पोतं घातलं. रोज सकाळी येऊन पाणी शिंपडायची. पाचव्या दिवशी पोतं उलगडलं तेव्हा मीही शेजारी बसले होते. पांढरे कोंब सगळीकडे. आम्ही दोघींनी दोनदा मोजले : अठ्ठ्याहत्तर. सत्तरच्या वर उगवण असली की घरचं बियाणं पेरता येतं. तिला या वर्षी बियाण्याची बॅग विकत घ्यायची गरज नव्हती. घरात कसंही ठेवलेल्या कट्ट्याची उगवण बहुधा इतकी येत नाही. उन्हाळ्याच्या उकाड्यात आणि एकावर एक लादलेल्या थप्पीत सोयाबीनचं नाजूक टरफल टिकत नाही. इथे मुलांनी तिचे कट्टे लाकडी पाटांवर वेगळे, कमी उंचीवर लावले होते, तिनेच सांगून लावून घेतले होते.

त्या आठवड्यात आणखी एकतीस जणांनी पोती अंथरली. जूनअखेरचा तिमाही अहवाल भरताना मी परिशिष्टाचे चारही रकाने भरले आणि खाली शेऱ्यात लिहिलं : गोदामातल्या सोयाबीनमधून बत्तीस सभासदांचं घरचं बियाणं, उगवण शंभरात अडुसष्ट ते एक्क्याऐंशी, अडुसष्टवाल्याला एकरी बियाणं थोडं वाढवून पेरायला सांगितलं आहे. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. पुढच्या वर्षीच्या परिशिष्टात यासाठी पाचवा रकाना घ्यायचा का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, घ्या, पण किती सभासदांनी हे लिहू नका. किती एकर, हे लिहा.